दिवाळी अंक २०२५ : टिपणांचं ॲप घ्यावं की कामांचं? (प्रकल्प नोंदी)

सोमवार, १० मार्च २०२५

विषय : अंकाच्या कामासाठी एक ॲप ठरवणे. टिपणं ठेवायचं, की कामं लावायचं.

हे जूनच्या आधी ठरायला हवं. लक्ष्मीपूजन गेल्या वर्षी १ नोव्हेंबरला होतं, यंदा २१ ऑक्टोबरला आहे. म्हणजे सुरुवातीलाच अकरा दिवस कमी. सरांना अंक दसऱ्याला, म्हणजे २ ऑक्टोबरला, हातात हवा. मध्ये २७ ऑगस्टला गणपती बसतात, आणि ६ सप्टेंबरच्या अनंत चतुर्दशीपर्यंत पुण्याच्या पेठांत कागदाचा टेम्पो आत आणायचं नाव काढायचं नाही. उलटं मोजत गेलं की शेवटचा फर्मा (एकदम छापला जाणारा १६ पानांचा गठ्ठा) १० सप्टेंबरच्या आसपास छापायला जायला हवा आणि लेखकांचा मजकूर जुलैअखेर घरात.

माणसं पाच. संपादक सर. मजकूर मागवणं, पाठपुरावा आणि हिशेब माझ्याकडे. मांडणी करणारा दादा संगमेश्वरजवळ राहतो. मुद्रितशोधन करणाऱ्या काकू ठाण्याला. जाहिराती बघणारे काका सकाळी कुठे आणि संध्याकाळी कुठे ते मध्य रेल्वेच सांगू शकेल.

सध्याची व्यवस्था : सरांची डायरी, माझी वही आणि व्हॉट्सॲपचा ग्रुप. ग्रुपवर प्रूफ, मानधनाची चौकशी, वाढदिवसाचे केक आणि सरांचे चार-चार मिनिटांचे आवाजी निरोप एका रांगेत. मेसेज पिन करता येतो, पण एका वेळी तीनच, तेही जास्तीत जास्त ३० दिवस. मार्चमध्ये लेखकाने दिलेला शब्द जुलैत काढून दाखवायचा तर अंगठा दुखेपर्यंत वर सरकायचं.

अटी : माणशी दरमहा पैसे घेणारं नको. फोनवर नीट चालायला हवं, कारण लॅपटॉप दोघांकडेच आहे. तिसरी अट सरांची : ‘तुला हवं ते घे, फक्त मला शिकवायला बसू नकोस.’

शनिवार, १५ मार्च

ॲपं बघायच्या आधी गेल्या वर्षीची वही पहिल्या पानापासून वाचून काढली. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलने तीन प्रश्न : नाव आहे का, तारीख आहे का, ही ओळ वाचून कुणी उठून काही करील का.

काही ओळी जशाच्या तशा :

‘ग्रामीण वाचनालयांवर लेख. रडगाणं नको – सर.’

‘कागद ७० जीएसएम, दर विचारणे.’

‘मुखपृष्ठ : निळं पुन्हा नको.’

‘पानं १६च्या पटीत बसली नाहीत तर कविता पुढे-मागे.’

‘नागपूरच्या बाईंना कथा मागणे.’

कागदाचा दर हे सरळ काम. विचारला, आकडा मिळाला, काट मारली. मुखपृष्ठाचं निळं हे काम नव्हे. त्यासाठी कुणी उठून काही करायचं नाही. पण चित्रकाराशी बोलणं होईल त्या दिवशी ते समोर यायलाच हवं, आणि तो दिवस कधी येईल ते ओळ लिहिताना कुणालाच ठाऊक नसतं. १६च्या पटीची ओळ तर नियमच आहे, ती दर वर्षी कुठल्या तरी वहीत नव्याने लिहिली जाते.

सगळ्यात जास्त वेळ घेतला नागपूरच्या बाईंनी. मेमध्ये ती ओळ काम होती. जूनमध्ये त्या नाही म्हणाल्या, तेव्हा ओळीवर काट पडली आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं गेलं : ‘यंदा घरात अडचण. पुढच्या वर्षी लवकर विचारा, एक कथा मनात आहे.’ काट मारल्यावर ओळ संपली नाही. तिचं टिपण झालं, आणि वर्षभर पडून राहून ती आता पुन्हा काम झाली. दुपारी फोन केला. कथा जुलैत देतील.

निम्म्याहून जास्त ओळींना ना नाव, ना तारीख. उरलेल्यांतल्या बऱ्याच ओळी हंगामात निदान एकदा तरी रूप बदलतात.

ॲपांकडून काय हवं ते यातून थोडं दिसायला लागलं. प्रत्येक ओळीला तारीख मागणारं नको. ‘झालं’ म्हटल्यावर ओळ आणि तिच्या शेजारचा मजकूर नजरेआड करणारंही नको. वहीत काट मारलेलं वाचता येतं, हा वहीचा फार मोठा गुण आहे आणि तो कुणी जाहिरातीत सांगत नाही.

शनिवार, २२ मार्च

टिपणांची बाजू.

एव्हरनोट यातलं जुनंजाणतं. २००८पासून आहे आणि एके काळी टिपणं म्हणजे तेच. २०२२च्या शेवटी बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीने ते विकत घ्यायचं ठरवलं, आणि डिसेंबर २०२३पासून फुकट वापरणाऱ्याला ५० टिपणं आणि एकच वही एवढंच मिळतं. आपल्या अंकाला ५० टिपणं एप्रिलपर्यंत पुरतील. ॲपच्या गुणांपेक्षा इथे शिकण्यासारखं दुसरंच : जे काही घेऊ, त्यातून सगळा मजकूर बाहेर कसा काढायचा ते आत जाण्याआधी बघायचं.

गुगल कीप २०१३चं. सगळ्यांच्या फोनमध्ये आहे किंवा एका मिनिटात येतं, शिकवावं लागत नाही. सरांची अट इथे पुरी होते. पण एका टिपणाला साधारण २०,००० अक्षरांची मर्यादा आहे, आणि संगणकाच्या हिशेबात ‘क्षि’ हे एक अक्षर नसून चार आहेत. मोठी कथा एका टिपणात मावायची नाही. शिवाय मी लावलेली लेबलं ज्याच्याबरोबर टिपण वाटून घेतलं त्याला दिसत नाहीत. माझी लावालाव माझ्यापुरती. बाकीच्यांच्या घरी तोच ढीग.

नोशन देखणं आहे, आणि टिपण व तक्ता एकाच पानावर ठेवायची त्याची युक्ती खरंच चांगली. मात्र फुकटात एकाहून जास्त सभासद घेतले की १,००० ब्लॉकची (परिच्छेद, यादीतली ओळ, चित्र असा प्रत्येक तुकडा म्हणजे एक ब्लॉक) मर्यादा लागते. मी एकटी सभासद आणि बाकीचे पाहुणे अशी वाट आहे, फुकटात दहा पाहुणे चालतात. खरी अडचण इंटरनेटची. नेट नसताना त्याच्यावर विसंबता येत नाही, आणि दादा कोकणात राहतो.

ऑब्सिडियन मला स्वतःला सगळ्यात आवडलं. टिपणं साध्या मजकुराच्या फायली म्हणून आपल्याच संगणकावर राहतात. कंपनी उद्या बुडाली तरी फाइल उघडतेच. पण ते एकट्या माणसाचं आहे. पाच जणांनी एकच संच वापरायचा तर प्रत्येकाला समक्रमणाची, म्हणजे सगळ्यांकडे तोच मजकूर राखण्याची, वर्गणी भरावी लागेल, आणि जाहिरातवाल्या काकांना मी ‘व्हॉल्ट’ (त्या संचाचं तिथलं नाव) म्हणजे काय हे समजावून सांगत बसले आहे असं दृश्य डोळ्यांपुढे आणून बघितलं. नको.

जॉपलिन मुक्त स्रोताचं, टिपणं टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध करता येतात, म्हणजे मधल्या कुणालाही ती वाचता येत नाहीत. चांगलं. पण अडचण ऑब्सिडियनचीच.

शनिवार, २९ मार्च

उद्या पाडवा. काकांनी पहिली जाहिरात पक्की केली, मागचं कव्हर. कुठे लिहू विचारलं. ‘अजून ठरलं नाही, वहीत लिहा.’

शनिवार, ५ एप्रिल

मराठी शोधाची चाचणी. हे कुठल्याच तुलनेत सापडत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

टिपणांच्या ॲपचा सगळा जीव शोधात. टिपण आपणहून समोर येत नाही, त्याला हाक मारावी लागते. मराठीत ही हाक कशी मारायची? ‘घोडा’ शोधलं तर ‘घोड्याला’, ‘घोड्यांचे’ सापडत नाही, कारण विभक्ती लागताना शब्दच बदलतो. इंग्रजीसाठी बांधलेल्या शोधाला हे कळत नाही. बरीच ॲपं शब्दाची सुरुवात जुळवून बघतात, तेव्हा ‘घोड’ एवढंच टंकलं की काम भागतं. ‘रस्ता’साठी ‘रस्त’. ‘पाऊस’साठी मात्र ‘पाव’ घालावं लागतं, नाहीतर ‘पावसाळा’ सुटतो. आणि ‘पाव’ घातलं की पावभाजीही येते.

दुसरी भानगड दिसत नाही म्हणून जास्त वाईट. ‘दऱ्या’मधला तो अर्धा र दोन तऱ्हांनी टंकता येतो. एका तऱ्हेत साध्या र ला हलन्त लावून मागे एक न दिसणारं जोडचिन्ह येतं, दुसरीत ऱ हे वेगळंच अक्षर असतं. पडद्यावर दोन्ही सारखेच. एका लेखकाच्या फोनवरून आलेला मजकूर पहिल्या तऱ्हेचा, माझा कीबोर्ड दुसऱ्या तऱ्हेचा. शोध म्हणतो, असा शब्द नाही. डोळे म्हणतात, हा काय समोर.

गंमत म्हणजे खुद्द ‘ॲप’ या शब्दालाही तेच ग्रहण. ॲ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांनी मानलेल्या अक्षरांच्या यादीत, २००८ साली आलं. त्याआधीच्या सवयीने कुणी अ ला चंद्र जोडून लिहितं, कुणी ऍ वापरतं. तीन लिहिण्या, एक उच्चार, शोध एकाच लिहिणीचा.

आकड्यांचंही तसंच. मी १५ जुलै लिहिलं आणि काकांनी तोच आकडा इंग्रजी अंकांत लिहिला, तर बहुतेक ठिकाणी ही दोन वेगळी टिपणं.

आणि दादाच्या फायली तर शोधाच्या जगातच नाहीत. त्याचं निम्मं काम अजून युनिकोड न पाळणाऱ्या जुन्या श्री-लिपी फाँटमध्ये आहे. छापायला उत्तम, पण तिथून मजकूर उचलून कुठल्याही ॲपमध्ये चिकटवला की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा उमटतो. पुण्यातल्या छापखान्यांत हे रोजचं आहे, कुणी त्याबद्दल तक्रारसुद्धा करत नाही.

निष्कर्ष एवढाच : ‘सगळं लिहून टाका, लागेल तेव्हा शोधा’ हा टिपणांच्या ॲपचा मुख्य वायदा मराठीत निम्माच खरा. जे लागणार आहे ते शोधाच्या भरवशावर न सोडता ठरलेल्या जागी ठेवलेलं बरं. म्हणजे मुद्दा शोधाचा कमी आणि जागेचा जास्त.

शनिवार, १२ एप्रिल

कामांची बाजू. ही लवकर आटपली.

गुगल टास्क्स बाद. यादी दुसऱ्या माणसाबरोबर वाटून घेता येत नाही.

मायक्रोसॉफ्ट टू डू फुकट आहे, यादी वाटता येते, काम नेमून देता येतं. याच्या मागे एक कहाणी आहे : बर्लिनचं वुंडरलिस्ट हे लोकांचं लाडकं ॲप मायक्रोसॉफ्टने २०१५ साली घेतलं आणि ६ मे २०२० रोजी बंद केलं. एव्हरनोटवरून घेतलेला धडा इथे पुन्हा. टू डू वाईट नाही, पण एका कामाखाली लांब मजकूर ठेवायची जागा म्हणजे एक अरुंद खण.

टोडूइस्ट २००७पासून आहे. ‘दर सोमवारी’ असं नुसतं लिहिलं की तारीख आपोआप लागते, ही त्याची खासियत. मराठीत लिहिलं तर लागत नाही. फुकटात पाच प्रकल्प. एक गोष्ट मात्र मनापासून आवडली : काम कधी हाती घ्यायचं आणि त्याची खरी अंतिम मुदत कोणती, या दोन वेगळ्या तारखा तिथे ठेवता येतात. पैसे भरणाऱ्यांनाच. ज्याने ही सोय काढली त्याने कधीतरी दिवाळी अंक काढलेला असणार. लेखकाला सांगायची तारीख आणि खरी तारीख कधीच एक नसते. खरी तारीख लेखकाला कळली, तर तिच्यानंतर आठवड्याने मजकूर येतो.

ट्रेलो २०११चं, २०१७पासून ॲटलासियन कंपनीकडे. रकाने आणि कार्डं. फुकटात एका जागेत दहा माणसं, आम्ही पाच. कार्डाला तारीख घालणं सक्तीचं नाही, हे वाचून इथे जरा थांबले. तारीख नसलेलं कार्ड म्हणजे टिपणच की.

शनिवार, २६ एप्रिल

आठवडाभर मनात हेच. दोन्ही जातींतला फरक नेमका कुठे?

वैशिष्ट्यांत शोधायला गेलं तर सापडत नाही. एव्हरनोटने २०२१ साली कामं आत घेतली. कीपमधली आठवण आता गुगल टास्क्समध्ये जाऊन बसते. ट्रेलो मनात आलेलं पटकन टाकायला इनबॉक्स देऊ लागलं आहे. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या अंगणात खोली काढतो आहे.

फरक मला असा दिसतो : टिपण तुमची वाट बघतं आणि काम तुमच्या मागे लागतं. आमच्या अंकात कुणाच्या मागे लागायचं आणि कुणाची वाट बघायची हे महिन्यागणिक बदलतं. एप्रिलमध्ये लेखकाच्या मागे लागलं तर तो विषयच सोडून देतो. ऑगस्टमध्ये मागे नाही लागलं तर अंक सोडून द्यावा लागतो.

तेव्हा दोन ॲपं घ्यावीत का, एक टिपणांचं आणि एक कामांचं? सगळे हाच सल्ला देतात. मला पटत नाही. नागपूरच्या बाईंची ओळ एका ॲपमधून दुसऱ्यात कोण नेणार? मीच. आणि ‘घरात अडचण’ हे टिपण इकडे, ‘कथा मागणे’ हे काम तिकडे राहिलं, तर पुढच्या वर्षी फोन करणारा माणूस काम वाचून फोन करील, अडचणीची चौकशी न करता. मराठी लेखक एक वेळ मानधनाचा उशीर सहन करतात, हे करत नाहीत.

रविवार, ४ मे

पंधरवडा कामांचं एक ॲप सगळ्यांना देऊन पाहिलं, मुद्दाम कडक पद्धतीने : प्रत्येक ओळीला तारीख आणि नाव.

काका खूश. त्यांच्या कामाला तारीख असतेच : अमक्या दुकानाकडून होकार, तमक्याकडून आर्टवर्क, मग चेक. सकाळी फोन उघडला की आजची यादी. ‘हे मला दहा वर्षांपूर्वी का नाही दिलंत?’

सरांचं वेगळं. वाचनालयांवरच्या लेखाला मी ३० एप्रिल ही तारीख घातली होती. लेखक कोण हेच ठरलेलं नव्हतं, पण ॲपच्या पद्धतीत रिकामं चालत नव्हतं. १ मेला ती ओळ लाल झाली. सरांचा फोन.

‘हे लाल काय आहे?’

‘मुदत उलटली, सर.’

‘कसली मुदत? मी अजून विचार करतोय.’

‘तेच. विचार करायची मुदत.’

‘बाई, विचाराला मुदत घातली की माणूस मिळेल त्याला लेख सांगतो.’

बरोबर आहे. गेल्या तीन-चार वर्षांतले पडेल लेख आठवून पाहिले, तर ते असेच सांगितलेले निघतील. लाल रंगाने सरांचा वेग वाढला नाही. ॲप उघडणं तेवढं थांबलं.

दादाने पंधरा दिवसांत काहीच लिहिलं नाही. त्याचं काम जुलैशिवाय सुरूच होत नाही. चाचणी त्याच्यासाठी पुन्हा घ्यायला हवी.

रविवार, १८ मे

काकूंशी तासभर फोनवर. त्या ॲप वापरणार नाहीत, हे त्यांनी प्रेमाने आणि ठामपणे सांगितलं. प्रूफ पीडीएफने जातं, त्या कोपऱ्यावरच्या दुकानातून छापून आणतात, लाल पेनाने खुणा करतात आणि पानांचे फोटो पाठवतात. यात बदल करायचं मलाही कारण दिसत नाही. त्यांच्या नजरेतून निसटलेला ऱ्हस्व-दीर्घ मी अजून पाहिलेला नाही.

पण त्यांनी एक नेमकी गोष्ट सांगितली : ‘तुम्ही लोक ऑगस्टमध्ये सगळं एकदम पाठवता गं. दहा लेख येऊन पडले की कुठला आधी हेच कळत नाही, आणि मग सगळेच घाईत होतात.’

हे ऐकून ट्रेलोचे रकाने आठवले. ती पद्धत मुळात टोयोटाच्या कारखान्यातली, तायची ओनो यांनी रुजवलेली. कार्डं भिंतीवर दिसावीत एवढ्यापुरती ती नव्हतीच. पुढच्या टेबलाने मागितल्याशिवाय मागच्याने माल करायचा नाही, हा तिचा गाभा. रकान्यात एका वेळी किती कार्डं राहतील याला मर्यादा असते. आपण सगळे रंगीत कार्डं उचलतो आणि मर्यादा विसरतो.

काकूंचा रकाना : एका वेळी तीन लेख. चौथा तयार असला तरी माझ्याकडे थांबेल. काकू म्हणाल्या, ‘असं झालं तर मी दिवाळीला चकल्या पाठवीन.’ हे कार्डावर लिहिलं आहे.

बुधवार, २८ मे

पावसाने चाचणी आपणहून घेतली. मोसमी पाऊस यंदा २५ तारखेलाच कोकणात उतरला, मुंबईत २६ला, आणि मुंबईत तो इतक्या लवकर गेल्या ७५ वर्षांत आलेला नाही. दादाकडे वीज नाही, नेट येऊन-जाऊन. त्याला आधीच सांगून ठेवलं होतं की नेट गेलं की मुद्दाम दोन्ही ॲपं उघडून बघ.

नोशनचं पान उघडलं नाही. ट्रेलोचं बोर्ड फोनवर उघडलं, त्याने दोन कार्डांवर लिहिलं, आणि संध्याकाळी रेंज आल्यावर ते माझ्याकडे उमटलं. त्याचा निरोप : ‘ताई, हे चालेल. ते दुसरं फक्त पुण्यात चालेल.’

रविवार, १ जून

ठरलं. ट्रेलो. कागदोपत्री कामांचं ॲप, पण आम्ही ते टिपणांची वही म्हणून सुरू करणार आणि जुलैपासून कामाला लावणार.

एका लेखाचं एक कार्ड, सुरुवातीपासून शेवटपर्यंत तेच. रकाने असे : विचार; बोलणं चालू; होकार; मजकूर आला; काकूंकडे; दादाकडे; फर्म्यात बसला. आणि अगदी उजवीकडे, माझ्या हट्टाने, ‘नाही झालं, का?’ जे जमलं नाही ते संग्रहात टाकून नजरेआड करायचं नाही. कारण लिहून या रकान्यात सरकवायचं. नागपूरच्या बाईंसारख्या ओळींचं घर.

‘विचार’ आणि ‘बोलणं चालू’ या दोन रकान्यांत तारीख घालायला बंदी. होकार आला की तारीख आणि नाव, दोन्ही एकदम. तारीख घालायची ती खरी. लेखकाला सांगितलेली तारीख वर्णनाच्या पहिल्या ओळीत, कारण ती फोनवर बोलताना लागते. अर्थात बोर्ड कुठल्याही लेखकाला दाखवायचं नाही!

शोधाच्या भानगडीसाठी : कार्डाच्या नावात लेखकाचं आडनाव आणि विषयाचा मूळ शब्द, विभक्ती न लावता. आकडे सगळीकडे देवनागरी. श्री-लिपीतलं काही चिकटवायचं नाही. मांडणीआधीचा युनिकोड मजकूर तेवढा. यात एक भोक राहतं : मांडणीत झालेल्या शेवटच्या दुरुस्त्या कार्डावरच्या मजकुरात परत येत नाहीत. पुढे कुणी तो मजकूर वापरायला मागितला तर छापील अंकाशी ताडून द्यावा लागेल.

फुकटात एका जोडफाइलला १० एमबीची मर्यादा. सचित्र फर्म्याची पीडीएफ त्यात बसत नाही, म्हणून फायली गुगल ड्राइव्हवर आणि कार्डात दुवा.

सर डायरीतच लिहिणार. रविवारी मी त्यांच्याकडे जाते तेव्हा त्या आठवड्याच्या पानांचे फोटो काढून त्या-त्या कार्डाला लावायचे. त्यांना शिकवायचं काही उरलं नाही.

आणि बाहेर पडायची वाट : ट्रेलो बोर्ड जेसनच्या (संगणकाने वाचायच्या मजकुराच्या) फाइलमध्ये देतं. वाचायला कुरूप, पण कार्डं आणि त्यांची वर्णनं त्यात येतात. जोडलेल्या फायलींचे फक्त दुवे येतात. फुकट योजनेत तक्त्याची (सीएसव्ही) फाइल मिळत नाही. इतर ठिकाणाहून तक्ता काढून एक्सेलमध्ये थेट उघडला, तर मराठीचा चिखल दिसू शकतो; तेव्हा ‘मजकुरातून आयात’ करून यूटीएफ-८ निवडायचं. काकांचा हिशेब एक्सेलमध्ये आहे, म्हणून लिहून ठेवते.

शनिवार, २१ जून

दोन्ही पालख्या पुण्यात मुक्कामी. रस्ते बंद, छापखाना बंद, फोन मात्र सुरू. ‘होकार’ रकाना भरतोय.

रविवार, १३ जुलै

एका लेखकाने खात्याचा क्रमांक आणि पॅन व्हॉट्सॲपवर पाठवले, आणि काकांनी मदत म्हणून ते कार्डावर चिकटवले. लगेच काढले. बोर्ड पाच जण बघतात, आणि ते टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध नसतं. कीप किंवा नोशनही नसतं. जॉपलिनचा हा गुण मार्चमध्ये मी एका ओळीत उडवला होता. आता मानधनाची सगळी माहिती माझ्या एकटीच्या जॉपलिनमध्ये, कार्डावर फक्त ‘तपशील मिळाला’ एवढंच. दुसरं ॲप शेवटी आलंच, पण वेगळ्या कारणाने. सरकवायची ओळ इथे एकही नाही, म्हणून चालेल.

वाचनालयांवरचा लेख सरांनी ठरवला. मजकूर पाठवणाऱ्या बाई ग्रंथपालच आहेत. कार्ड ‘विचार’मध्ये जूनपासून बिनतारखेचं बसलं होतं आणि त्याखाली सरांच्या डायरीची पाच पानं जमली होती. फोन करायच्या आधी मी ती वाचली, आणि सरांना काय नको आहे तेही बाईंना सांगता आलं.

रविवार, २४ ऑगस्ट

बुधवारी गणपती. काकूंच्या रकान्यात तीन, माझ्याकडे थांबलेले पाच. काका अस्वस्थ : ‘पाठवून टाक ना सगळे, त्या बघतील.’ नाही पाठवले. काकू रोज एक उडवतायत.

नोशनमध्ये या आठवड्यात नेट नसतानाही पानं उघडायची सोय आली. दादाने बातमी पाठवली, खाली हसरा चेहरा. मार्चमधल्या तुलनेतला त्याच्याविरुद्धचा मोठा मुद्दा गेला. तरी आता काही हलवायचं नाही. नऊ फर्मे मांडणीत आहेत.

मंगळवार, ९ सप्टेंबर

शेवटचा फर्मा गेला. जाहिरातीचं एक पान कमी पडलं, तिथे कविता बसली. १६च्या पटीचा नियम आता बोर्डाच्या डोक्यावर कायमचं कार्ड म्हणून आहे, पुढच्या वर्षी वहीत लिहायला नको.

पुढच्या वर्षासाठी बोर्डाची नक्कल काढली. ‘नाही झालं, का?’मधली कार्डं मजकुरासकट ‘विचार’मध्ये सरकवली. सगळ्या तारखा मात्र हाताने पुसाव्या लागल्या. ‘दर वर्षी’ असं सांगितलं की ही ॲपं इंग्रजी तारीख धरतात आणि आपलं काम तिथीवर चालतं. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, त्यामुळे लक्ष्मीपूजन रविवारी, ८ नोव्हेंबरला जातं आणि गणपती १४ सप्टेंबरला. यंदाचं वेळापत्रक पुढे ढकलून चालणार नाही, दोन्ही तारखांपासून नव्याने उलटं मोजायला हवं. सध्या या दोनच तारखा घातल्या आहेत.

बाकी : काकूंची मर्यादा तीनवरून चार करायची का, हे त्यांना विचारणे. सरांच्या डायरीचे ऑगस्टचे फोटो लावायचे राहिलेत. नागपूरच्या बाईंच्या कार्डावर लिहायचं की कथा वेळेत आली, आणि दुसरी एक अर्धी झाली आहे असं त्या म्हणाल्या. तारीख नाही.